कार्सिनीकडचा न जेवणारा पाहुणा

जावा बेटावरच्या सालातिगा गावात, वरच्या आळीत कार्सिनीला ओळखत नाही असं पोर नाही, आणि तिला बघून रडलं नाही असंही पोर नाही. पाठीवरच्या टोपलीत काढ्यांच्या सात बाटल्या, टोपली शालीने खांद्याला बांधलेली, अशी ती गेली एकतीस वर्षं रोज सकाळी गल्लीबोळांतून फिरते. बायका चिंच-हळदीचा काढा घेतात, गडीमाणसं आल्याचा. पण तिचं नाव झालं ते चेकोकमुळे, म्हणजे पोरांना बळेच कडू काढा पाजण्यामुळे. पोर जेवत नाही म्हणून आई रडकुंडीला आली की कार्सिनीला बोलावणं जातं. रानहळद आणि गुळवेल कुटून फडक्यात बांधायची, पोराला मांडीवर आडवं घ्यायचं, नाक धरायचं, आणि बिस्मिल्ला म्हणून फडकं तोंडात पिळायचं. पोर हातपाय झाडतं, आळी डोक्यावर घेतं. तिसऱ्या दिवशी भाताचं ताट चाटूनपुसून साफ करतं.

स्वस्थ बसणं तिच्या कुंडलीतच नाही. पायाला भिंगरी. फेरी संपवून आली की अंगण झाडेल, झाडलेलं पुन्हा झाडेल.

नवरा सार्जोनो अगदी उलटा. छत्तीस वर्षं कापडगिरणीत काढली, मागांच्या खडखडाटात अर्धे कान तिथेच ठेवून आला. या माणसाने आयुष्यात कधी काही मागितलं नाही. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवायचा. निवृत्त झाल्यावर सहा महिने नुसता ओट्यावर बसला आणि एक दिवस म्हणाला, "मला साप पाळायचाय."

"काय?"

"साप. अजगराचीच लहान जात. विषारी नसतो."

"अहो, लोक म्हातारपणी पक्षी पाळतात!"

"पक्षी गातात. मला ऐकू येत नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "साप काही बोलत नाही, त्यालाही फारसं ऐकू येत नाही. आमचं जमेल."

यावर ती काय बोलणार? पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं त्याने.

साप पाळणाऱ्या गालिहकडून त्याने तो आणला. हातभर लांबीचा, तपकिरी, अंगावर मधाच्या रंगाचे ठिपके. भीती वाटली की डोकं आत घालून चेंडूसारखा गोळा व्हायचा. म्हणून नाव ठेवलं ग्लुंदुंग, म्हणजे घरंगळ्या. गालिहने बजावलं होतं, "काका, या पिल्लाने दोन घरं बदललीत. तीन आठवडे अन्नाला शिवलेलं नाही. सात दिवस हात लावू नका, झाकण उघडू नका. फक्त पाणी. जागेवर जीव बसला तर खाईल. नाही तर मात्र कठीण आहे." सार्जोनोने भोकं पाडलेला डबा कोपऱ्यात ठेवला. एका बाजूला उबेला छोटा दिवा, आत लपायला उपडी करवंटी, वरून टॉवेल.

दुसऱ्याच दिवशी स्रागेनहून निरोप आला, सार्जोनोचे थोरले भाऊ गेले. सात दिवसांच्या प्रार्थनांना थांबणं भाग होतं. निघताना त्याने डब्याकडे बोट दाखवलं. "अगं, पाणी बदल. बाकी काही करू नकोस. काहीच."

"मला काय लहान मूल समजता?"

पण 'काहीच न करणं' हे काम कार्सिनीने जन्मात केलं नव्हतं.

आणि आळीला खबर लागलीच. कुणाकडे बाळ आलं की साखर, साबण घेऊन बघायला जायची रीत, तसेच लोक सापाला बघायला आले. कुणी केळी आणली, कुणी बिस्किटं. आलेल्याला दारातून परत कसं पाठवायचं? चहा टाकायचा, टॉवेल उचलायचा, झाकण उघडायचं, करवंटी बाजूला करायची. "हा बघा. लाजतोय." चार दिवसांत अकरा वेळा झाकण उघडलं. ग्लुंदुंग प्रत्येक वेळी आणखी घट्ट गोळा झाला.

पाचव्या दिवशी तिने गालिहने खाऊ म्हणून दिलेला, फ्रिजमधला मेलेला पांढरा उंदीर कोमट करून आत ठेवला. सकाळी तो तसाच. सहाव्या दिवशीही तसाच. तिचं कशात लक्ष लागेना. फेरीवर गेली तर बाटल्या बदलल्या, आल्याचा काढा बाळंतिणीला पाजला. नमाजातली आवर्तनं मोजायला विसरली. सार्जोनोला काय तोंड दाखवायचं, हाच एक घोर.

तशात शेजारची तुमिनेम कुंपणावरून म्हणाली, "कार्सीताई, गावच्या पोरांना घास भरवलास आणि घरचं लेकरू उपाशी? दिवा तुझा, अंधारही तुझाच!"

हे मात्र तिला झोंबलं. तिने रानहळद कुटली.

दुपारी दार लावून ती डब्यापाशी बसली. ग्लुंदुंगला मांडीवर घेतलं, वेटोळ्यात बोट घालून डोकं शोधलं, बाहेर ओढलं. नाक धरायला नाक कुठे होतं? बिस्मिल्ला म्हणून तिने फडकं पिळलं. पिवळे थेंब त्याच्या तोंडावरून ओघळले.

तो चावला नाही. ओरडायला त्याला आवाज नव्हता. नुसता एक लांब श्वास सोडला आणि सगळं अंग दोरीला पीळ भरावा तसं आवळलं. तिच्या तळहाताखाली काहीतरी भराभर थरथरत होतं.

एकतीस वर्षं पोरांच्या रडण्याने ती कधी थांबली नव्हती. रडतं ते पोर जिवंत असतं, तगडं असतं. हे गप्प घाबरणं तिने कधी हातात धरलं नव्हतं. तिने त्याला चटकन करवंटीखाली ठेवलं, झाकण लावलं आणि ओल्या हातांनी तशीच बसून राहिली. "या अल्ला, हे मी काय केलं?"

सार्जोनो परत आला तो हातपाय न धुताच डब्यापाशी वाकला.

"तोंडाला पिवळं काय लागलंय?"

तिने सगळं सांगितलं. झाकण, पाहुणे, उंदीर, फडकं. त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, आणि मोठ्याने सांगताना जास्तच लाज वाटली.

तो डब्यापाशीच खाली बसला. मग म्हणाला, "लग्नाच्या वर्षी मलाही असाच काढा पाजला होतास. मी रुसून जेवलो नव्हतो तेव्हा."

"आठवतंय."

"त्यानंतर रुसलो का कधी?"

तिला हसू येईना. त्यालाही आलं नाही. तो डब्यावर टॉवेल नीट करत म्हणाला, "आता पुन्हा पहिल्यापासून. सात दिवस."

"आणि कुणी दारात आलं तर?"

"ते तू बघ."

तिसऱ्या दिवशी तुमिनेम बहिणीला घेऊन आली, हातात ताडगुळाची पुडी. कार्सिनी उंबरठ्यात आडवी उभी राहिली. "बसा, चहा टाकते. पण साप दाखवणार नाही."

"का गं? एवढी कुठली राजकन्या लागून गेली?"

"भ्यालाय तो. माझ्यामुळे."

तुमिनेमने बहिणीकडे बघितलं. "मुद्दाम अंबारावाहून आणलं हिला मी!" म्हणाली आणि गुळासकट निघून गेली. कार्सिनी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिली. असं दारातून कुणाला पाठवायची ही तिची पहिलीच वेळ. पण झाकण उघडलं नाही.

ते सात दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत. अंगण दिवसातून पाच वेळा झाडलं. डब्याजवळून जाताना पावलं न वाजवता जायची, आणि उगाच वारंवार जायची.

आठव्या दिवशी संध्याकाळची नमाज झाली. सार्जोनोने कोमट उंदीर चिमट्याने करवंटीच्या तोंडाशी ठेवला, टॉवेल सोडला आणि तिला घेऊन बाहेर ओट्यावर आला. ती उठली. बसली. सूप घेऊन तांदूळ निवडू लागली, निवडलेलेच. पुन्हा उठली.

"अगं, बस."

"बसलेच आहे की."

अर्ध्या तासाने तो आत गेला. ती दाराकडे टक लावून बसली. तो दारात आला आणि बोटाने खूण केली, ये.

"खाल्लं?"

"उंदीर अर्धा आत गेलाय. शेपूट बाहेर आहे. ये ना, बघ."

ती उठलीच होती, पाऊलही टाकलं होतं. मग थांबली, मागे वळली आणि खाली बसली.

"गिळू दे त्याला आधी," ती म्हणाली, आणि ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिली.