छातीवर पाटा ठेवल्यासारखं

ही गोष्ट माह्या पोराले माहीत नाई. भावाले नाई, विहारातल्या कोण्या माणसाले नाई. पंचफुलाले माहीत होती, माह्या बायकोले — अन् ती आता नाई. म्हणजे मी एकटाच उरलो. तुम्हाले सांगून राह्यलो, कारण तुम्ही मले ओळखत नाई. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडं पाहून हे सांगायची माही हिंमत नाई. चार वेळा गेलो सांगाले. चारही वेळा चहा पिऊन वापस आलो.

मी तिसरी शिकलो. सारी उमर जिनिंगमध्ये रुईच्या गाठी ओढल्या. गुडघे गेले तवा काम सुटलं. पिपरी मेघेले दोन खोल्या आहेत, पोरगा नागपूरले नोकरीवर, तवा घरी आम्ही दोघंच. गुडघे दाखवाले मोठ्या दवाखान्यात जात जाऊ — जिथं डॉक्टर शिकून तयार होतात, त्या. तिथल्या एक मॅडम एक दिवस म्हणाल्या, "काका, नकली पेशंट बनता का?"

मले वाटलं, मजाक करून राह्यल्या. पण खरंच तसं असते. शिकणाऱ्या पोरापोरींनी पेशंटले काय विचारावं, कसं विचारावं, हे शिकवाले आमच्यासारखा साधा माणूस खुर्चीवर बसवतात. त्याले एक आजार पाठ करून देतात. पोरगा आत येते, विचारते, घंटी वाजते, तो जाते, दुसरा येते. मॅडम त्याचाच अभ्यास करून राह्यल्या होत्या — अर्धी पोरं आमच्यावर शिकवायची, अर्धी पुस्तकावर, अन् मंग पाहायचं, पेशंटचं बोलणं कोणाले जास्त समजते.

मले हार्ट अटॅक दिला होता. कागदावर लिहून. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटते. डाव्या हातात कळ जाते. सकाळपासून. घरात कोणाले असा त्रास आहे का — नाई. असं सारं.

खरं सांगू? मले ते लय आवडे. ज्या दवाखान्यात शिपाई मले "ए बुढ्या, लाईनीत" म्हणत जाय, तिथं आता उद्याचे डॉक्टर "नमस्कार काका, बसू का?" विचारत. माह्या हातात त्यांचे मार्क — पोरगा गेला की मशीनवर एक बटण दाबायचं, हसऱ्या चेहऱ्याचं नाई तं रडक्या. मी हसरा चेहरा दाबला तं पास, रडका दाबला तं मॅडमची बोलणी. जन्मात कोणी मले घाबरलं नव्हतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं तुम्ही मले चांगला माणूस समजणार नाई.

मले वाचणं नीट जमत नाई. पंचफुला सातवी शिकलेली. कागद तीच वाचे अन् माह्याकडून पाठ करून घे. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसे, माहा चष्मा लावे अन् डॉक्टरीण होऊन विचारे, "हं काका, कधीपासून दुखून राह्यलं?" मी केलं की म्हणे, "हे काय जी, हे तं पोट दुखल्यासारखं वाटते. हरभऱ्याची भाजी जास्त खाल्ली काय?" मंग स्वतः करून दाखवे. मूठ छातीवर ठेवे, श्वास तोडून तोडून घे, डोळे बारीक करे. शेजारच्या बाया आल्या की त्यांच्यापुढं माही नक्कल करे. साऱ्या हसत. मीही हसे. ती माह्यापेक्षा चांगलं करे, हे मले माहीत होतं. दोन-तीन वेळा तं तिनं मले फसवलंही — चुलीपाशी बसल्या बसल्या छाती धरली, मी पाणी घेऊन धावलो अन् ती हसत सुटली.

तुम्ही म्हणाल, आता समजलं. तिनं खरं सांगितलं अन् बुढ्याले वाटलं नक्कल आहे.

असं असतं तं मी हे तुम्हाले कशाले सांगितलं असतं? ते तं मी पोरालेही सांगू शकलो असतो. रडलो असतो, त्यानं पाठीवर हात ठेवला असता. चूक झाली बाबा, म्हणला असता.

परीक्षेचा दिवस होता. जानेवारीची सकाळ. अंगात स्वेटर, बाहेर धुकं. मले नऊ वाजता खुर्चीवर पाह्यजे होतं. मी पायात चप्पल घालून राह्यलो होतो. ती चहा गाळता गाळता थांबली अन् ओट्याले धरून खाली बसली. म्हणाली, "अवो, छातीवर पाटा ठेवल्यासारखं होऊन राह्यलं जी."

पाटा. कागदावर दगड होता. इतके दिवस ती मले "दगड म्हणा, दगड" असं घोकवत होती. पाटा तिचा होता, मसाला वाटायचा, जो तिनं चाळीस वर्षं उचलला. मले ते तवाच ऐकू आलं. मंग पुढं?

पुढं मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. वरच्या ओठावर घाम होता. कपाळावर होता. केसाची बट चिकटली होती. जानेवारीत. आता हे ऐका — मॅडमनं आम्हाले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काका, सारी नक्कल होते, घामाची होत नाई. म्हणून परीक्षेच्या आधी एक सिस्टर येऊन आमच्या कपाळावर पाण्याचा फवारा मारे. साऱ्या पिपरी मेघेत त्या वेळी हार्ट अटॅकचा घाम कसा असते, हे ज्याले शिकवलेलं होतं, तो माणूस तिच्यापुढं दोन हातावर उभा होता.

मले समजलं होतं.

मी म्हणलं, "झालं काय वं तुहं नाटक? मले उशीर होऊन राह्यला."

काऊन म्हणलं? मले विचारू नका, मी स्वतःले लय विचारलं. उशिराची भीती होती — पहिली घंटी चुकली तं मॅडम दुसऱ्या बुढ्याले बसवतील. पण ती खरी भीती नव्हती. खरी भीती अशी, की मी हो म्हणलं असतं तं ते खरं झालं असतं. नाटक म्हणलं तोवर नाटक होतं. मोठ्या गाठी उचलल्या म्हणून लोक मले धीट समजत. मी घाबरट माणूस आहे. माहे पाय दाराकडं वळले तवा मले मोकळं वाटलं, एवढं मोकळं, की आताही ते आठवलं तं अंगावर काटा येते.

ती हसली नाई. माह्याकडं पाह्यलं. तिलेही समजलं होतं की मले समजलं. म्हणाली, "जा मंग. नीट करजा."

मी गेलो. सिस्टरनं कपाळावर पाणी मारलं. घंटी वाजली.

एकामागं एक पोरं आली. सारी डॉक्टरकीची. खाली ॲम्ब्युलन्स उभी. माहं घर तिथून ऑटोनं किती लांब? पहिल्यानं विचारलं, काय होते काका? मी म्हणलं, छातीवर पाटा ठेवल्यासारखं. दगड म्हणायचं होतं, तोंडातून पाटा निघाला. अन् मंग त्यानं कागदावरचा प्रश्न विचारला — घरात कोणाले असा त्रास आहे का?

मी म्हणलं, नाई.

घंटी. दुसरी पोरगी. घरात कोणाले असा त्रास? नाई. घंटी. तिसरा. नाई. प्रत्येकानं विचारलं, कारण त्यांना तसंच शिकवलेलं. इतक्या वेळा कोण कोणाले संधी देते? एका पोरीनं तं माहा हात हातात घेतला अन् म्हणाली, "काका, नीट आठवून सांगा. घरी कोणी?" तिच्या हातातून हात सोडवून घेतला अन् नाई म्हणलं. तिले मी रडका चेहरा दाबला. तिची काय चूक होती? तीच एकटी माह्या दाराशी येऊन पोचली होती.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "काका, आज तर अगदी खरं वाटलं."

घरी आलो तं दार नुसतं लोटलेलं. पंचफुला ओट्यापाशीच होती, कुशीवर. चहा गाळणीत वाळून गेला होता. शेजाऱ्याच्या ऑटोत टाकून त्याच दवाखान्यात नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झाला. मंग त्यांनी विचारलं, सकाळी काही म्हणाल्या होत्या का? दुखतंय वगैरे?

पोरगा फोनवर होता, स्पीकर चालू.

मी म्हणलं, "नाई. चांगली होती. हसून बोलली."

पंचफुलाच्या पुण्यानुमोदनाले मॅडम विहारात आल्या, माह्याजवळ सतरंजीवर बसल्या, डोळे पुसले. महिन्याभरानं मले परत बोलावलं, म्हणाल्या, घरी एकटे बसू नका काका. मी गेलो. जायले नाई पाह्यजे होतं. वर्ग भरलेला होता. मॅडम पोरांना सांगून राह्यल्या होत्या — नाव न घेता, पण मी तिथंच बसलेलो — की एका बाईले काहीच लक्षण नव्हतं, अगदी काहीच. असतं तं घरच्या माणसाले दिसल्याबिगर राह्यलं नसतं. म्हणून पेशंट बोलू शकत नसेल तं घरच्या माणसाले विचारा. तो खरं सांगते.

पोरं लिहून घेत होती. पेनाचा आवाज येत होता. मॅडमनं माह्याकडं पाह्यलं. मी मान हलवली.

तवापासून भीती सुटत नाई. ती पोरं आता डॉक्टर होतील. कोणी समुद्रपूरले जाईल, कोणी गिरडले. तिथं एखादी बाई बाजेवर पडून राहील अन् बाजूले माह्यासारखा एक बुढा उभा राहील, अन् पोरगा वही उघडून त्या बुढ्याले विचारेल.

मी अजूनही त्या खुर्चीवर बसतो. आता येत नाई, असं म्हणायचीही भीती वाटते, कोणी काऊन विचारलं तं? कधी कधी माह्याही छातीत खरंच दुखते. मी कोणाले सांगत नाई. कोण मानणार? अन् मले घाम आला का नाई, हे पाहाले आता घरी कोणी नाई.

पोरगा दर रविवारी फोनवर विचारते, आई शेवटी काय म्हणाली होती, बाबा? अजून एकदा सांगा ना. मी सांगतो, हसून बोलली. त्याले बरं वाटते.

मले कोणाची माफी नको. मागू कोणाजवळ? फक्त जे तिच्या कागदावर लिहायचं राह्यलं, ते मॅडमच्या पद्धतीनं इथं सांगतो.

पेशंट बाई. वय अडुसष्ट. त्रास सकाळी आठच्या आधीपासून. छातीवर पाटा ठेवल्यासारखं. घाम — होता, खरा. घरच्या माणसाले सांगितलं का — सांगितलं.