उशिरा येणाऱ्या बसचे आभार

अख्ख्या मिशिगन राज्यात कशाचाच राग न येणारा माणूस एकच आहे, आणि माझं दुर्दैव असं की तो रोज सकाळी माझ्याच बसस्टॉपवर उभा असायचा. नात्यानं ते माझे कुणी नाहीत. इथे पन्नाशी उलटलेला कुठलाही मराठी पुरुष आपोआप काका होतो, तसे हे स्टॉपवरचे काका. मूळचे साताऱ्याचे. विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकं सांभाळायची नोकरी, आणि या देशात वीस वर्षं काढूनही गाडी चालवत नाहीत. इथे गाडी चालवत नाही म्हणणं म्हणजे आपण जेवत नाही म्हणण्यासारखं आहे. मी आदरानं कारण विचारलं. मला वाटलं, धूर, प्रदूषण, तेलकंपन्या, असं काहीतरी ठणकावून सांगतील. मी बसप्रवाशांच्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते, वाटते, मला असली कारणं हवीच असतात. काका म्हणाले, "अगं, गाडी चालवताना बाहेर बघता येत नाही." एवढंच! आमच्या एकाही पत्रकात हे कारण नव्हतं.

बाहेर बघायचं म्हणजे फोटो काढायचे, तेही काच तडकलेल्या फोनवर. फोटो कशाचे, तर ऑक्टोबरात ओल्या बाकावर चिकटलेल्या मेपलच्या पानाचे, पिझ्झाचा अख्खा तुकडा ओढत नेणाऱ्या खारीचे, बर्फ वितळल्यावर सापडलेला कुणाचा तरी एकुलता हातमोजा कुणीतरी कुंपणाच्या खुंटीवर घालून ठेवलेला असतो, त्याचे. एका गोष्टीचा दिवसाला एकच फोटो, हा नियम. "दुसरा काढला की हाव सुटते." पापण्यांवर पाणी गोठावं अशा थंडीत फोनला बोट लागावं म्हणून काकूंनी त्यांच्या उजव्या हातमोज्याचं एक बोट कापून कडेनं शिवून दिलं होतं. समोरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये जानेवारीत बर्फ ढकलून ढकलून डोंगर होतो. मार्चपर्यंत तो काळाकुट्ट होतो, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. काका रोज त्याचा फोटो मला पाठवायचे, खाली एक ओळ, "कालच्यापेक्षा कमी." एप्रिलात त्यातून हिवाळाभर गाडली गेलेली एक शॉपिंग कार्ट डोकं वर काढू लागली, तर यांनी शेजारच्या ट्रॉय शहरात, ऑफिसात असलेल्या काकूंना फोन लावला. "मी मीटिंग सोडून बाहेर धावले," काकू मला सांगत होत्या, "म्हटलं ॲक्सिडेंट झाला. तर हा माणूस म्हणतो, अगं, चाक दिसलं चाक!"

अशा माणसाला मी आमच्या मोर्चाचे फोटो काढायचं काम दिलं. चूक माझी. शंभरेक लोक, हातात फलक, घसे फुटेस्तोवर घोषणा, आणि काकांनी आणले सात फोटो. एकात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाच्या, बुटांवर सुकलेल्या पांढऱ्या रेघा, एकात बर्फावर पडलेली फलकाची सावली. सावलीत अक्षरं कुठून दिसणार? "काका, घोषणा कुठंय?" मी जवळजवळ किंचाळले. "ती तुम्ही दिलीत की," ते शांतपणे म्हणाले, "मी ऐकली."

तो मोर्चा ज्यासाठी होता ते आता सांगते. आमच्या गल्लीत वळणारी बस यापुढे सरळ मोठ्या रस्त्यानं न्यायची, असा बससेवेच्या बोर्डाचा बेत होता. म्हणजे आमचा स्टॉप बंद. पुढचा स्टॉप मैलभर लांब, मधल्या रस्त्याला फुटपाथ नाही. कारण काय, तर म्हणे प्रवासी कमी झाले. अहो, बस वेळेवर येत नाही म्हणून लोक बस सोडतात, आणि लोक सोडतात म्हणून तुम्ही बस काढून घेता! काकूंची गाडी पहाटेच ट्रॉयला जाते. स्टॉप गेला तर काका कामावर जाणार कसे? पण रागावत मीच होते, काका गारांचे फोटो काढत होते.

आणि मग मला एकदम सुचलं. काकांच्या फोनमधल्या प्रत्येक फोटोला तारीख आणि वेळ! बस सात पस्तीसची, आणि तिची वाट बघताना काढलेले फोटो सात सत्तेचाळीसचे, सात बावन्नचे. नऊ हिवाळ्यांचा पुरावा! मी रात्रंदिवस खपून वीस फोटो मोठे छापून घेतले, बोर्डाच्या जनसुनावणीत बोलायला काकांचं नाव नोंदवलं, तीन मिनिटांचं घणाघाती भाषण लिहून दिलं. शेवटची ओळ जाड अक्षरांत: आमचा स्टॉप राहिलाच पाहिजे.

काका माइकपाशी गेले. माझा कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. आणि आपल्या संथ इंग्रजीत म्हणाले, बस उशिरा येते हे खरं आहे, आणि त्याबद्दल मला आपले आभार मानायचे आहेत.

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना.

ती वेळेवर आली असती, काका म्हणाले, तर मी यातलं काहीच पाहिलं नसतं. आणि माझा पुरावा, माझे वीस फोटो, ते एकेक करून दाखवू लागले. हे स्टॉपच्या काचेवरचं दव, रात्रीत गोठून त्याची पानं झालीत. ही खार. हा हातमोजा, तीन आठवडे कुणी नेला नाही. सभागृहात लोक माना उंचावून बघत होते. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला, "सुंदर!" म्हणाल्या, आणि विचारलं, "म्हणजे थांबायला तुमची हरकत नसते?" "छे, मुळीच नाही," काका म्हणाले. घंटा वाजली. टाळ्या झाल्या. त्या दिवशी टाळ्या मिळालेले ते एकमेव वक्ते. आणि मागणी? मागणी केलीच नाही!

"काका, स्टॉप ठेवा म्हणायचं राहिलं!" बाहेर येताच मी ओरडले.

"ते का सांगावं लागतं?" काका खरोखर गोंधळले. "इतकं सगळं दाखवल्यावर कोण बंद करेल?"

बोर्डानं बंद केला. त्यांची मतं आधीच ठरली होती हे मला नंतर कळलं, पण तेव्हा मी सगळा दोष काकांवर टाकला आणि पुढचे कित्येक महिने त्यांच्याशी बोलले नाही. "कालच्यापेक्षा कमी" सुद्धा आलं नाही. मला वाटलं, तेही रागावले.

तसं नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते काकूंकडून गाडी शिकत होते.

ऑक्टोबरात एका सकाळी मी त्या बिनफुटपाथच्या रस्त्याच्या कडेनं चिखल तुडवत निघाले होते, तर एक जुनी गाडी गोगलगायीच्या वेगानं येऊन थांबली. "बस," काका म्हणाले. दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट, मान ताठ, नजर समोरच्या डांबरावर खिळलेली. मागचे हॉर्न वाजवत होते.

मी आत बसून पट्टा लावला. मग समोर बघतच ते म्हणाले, "त्या दिवशी चुकलो का गं मी?"

"हो," मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही.

"पण बोललो ते खरं होतं."

"तेच तर चुकलं, काका."

त्यांनी मान हलवली. डाव्या बाजूला झाडांची रांग सुरू झाली होती. मी या रस्त्यानं चार वर्षं जात होते.

"रंग आलेत का?" त्यांनी विचारलं.

"आलेत."

"कसे?"

पानभर मजकूर मी दहा मिनिटांत लिहून देते, कुणालाही विचारा. मी काचेतून बघत राहिले आणि मला एकच शब्द सुचला. "लाल."

"नुसतं लाल?"

मी पुन्हा वळून पाहिलं, तोवर ती झाडं मागे गेली होती.

"उद्या नीट बघून सांगते," मी म्हटलं.

"सांग," काका म्हणाले, आणि इतक्या अलगद त्यांनी गाडीचा वेग थोडा कमी केला की मागच्याला हॉर्न वाजवायचंही सुचलं नाही.