कोपराखालचा ठिपका

हिंगोलीत डेपोच्या मागच्या गल्लीत एका दुकानावर अजून पाटी आहे : 'देविदास टॅटू. आदिवासी व पॉलिनेशियन नक्षी.' पॉलिनेशियन म्हणजे काय हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायला लाज वाटायची म्हणून मीही कधी विचारलं नाही. शेजारचा पंक्चरवाला गुलाम नबी गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सांगायचा, शाईच्या कंपनीचं नाव आहे. शेवटी देविदासनं मोबाईलवर नकाशा काढून आम्हाला मोठ्या समुद्रातली बेटं दाखवली. गुलाम नबी म्हणाला, "इतक्या लांबचं काहून कोरून राहिला? आपल्या कयाधूतले मासे काय वाईट हायेत?"

पण काम बघितलं की हसणारा गप्प व्हायचा. गोव्यात तीन वर्षं तो एका धिप्पाड बेटवाल्याच्या हाताखाली राहिला होता. शार्कच्या दातांच्या रांगा, भाल्याची टोकं, पाठीवर घर घेऊन चाललेलं कासव. रेघ अशी, की पट्टी ठेवून ओढली म्हणावं. नांदेडहून पोरं यायची आणि दुखतं म्हणून रडायचीही. कोण रडलं आणि कोण नाही, याची यादी माझ्यापाशी आहे. दोन पहिलवान आहेत त्यात, नावं सांगत नाही.

हात त्याला आईकडून आला होता. जमनाबाई जुनी गोंदणारी. सेनगावच्या न् डोंगरकड्याच्या बाजारात पोतं अंथरून बसायची. तीन सुया दोऱ्यानं बांधलेल्या, वाटीत काजळी. आज साठीच्या पुढच्या निम्म्या बायकांच्या हातावरची तुळस तिची आहे. आता तिचे डोळे जवळपास गेलेत. तिचा एक नेम होता : सुई टोचली की गोंदण पुरं होईस्तोवर गोंदणारीनं अन्न शिवायचं नाही. अर्धं टाकून जेवलं तर समोरच्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी अर्धं राहतं.

आता अख्खा हात भरायचा म्हणजे चार-पाच बैठका, मधे पंधरा-पंधरा दिवस. देविदास रोज घरी जायचा, आई विचारायची, "पुरं झालं का रे?" आणि हा "झालं" म्हणून ताटावर बसायचा. बारा वर्षं हे चाललं. एवढंच एक खोटं तो बोलायचा, आणि आमच्या गल्लीच्या मानानं ते काहीच नव्हे.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. मी म्हणालो, "देविदास, बायकोला इतकं भ्यायचं नसतं." तो हसला. महिन्याभरानं कप जास्त वाजायला लागला आणि देविदास चहा बशीत ओतून, बशी खालीच ठेवून, वाकून प्यायला लागला. तेव्हा मी विनोद बंद केला. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, शिरांचा आजार आहे, गोळ्यांनी कमी-जास्त होईल, जाणार नाही.

त्याच वेळी सोमेश्वरचा डावा हात अर्ध्यावर होता. सोमेश्वर जिमवाला, मूळ डोंगरकड्याचा. खांद्यापासून कोपरापर्यंत समुद्र झाला होता, कोपरापासून मनगटापर्यंत कोरी कातडी. लग्न तोंडावर आलेलं, आणि त्याच्या होणाऱ्या बायकोनं, प्रियंकानं, फोटो बघून विचारलं होतं, "बाकीचं कुणी खाल्लं काय?"

देविदास त्याला तारखा देत राहिला. मशीन बिघडलं, शाई आली नाही, मावशी वारली. ही मावशी मला परवाच बाजारात भेटली होती. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून तो आत भोपळ्यांवर हात बसवायचा प्रयत्न करायचा. मनगट लाकडी फळीला बांधून बघितलं, भरदुपारी दोन घोट दारू घेऊन बघितलं. भोपळे मग गल्लीत वाटायचा. गुलाम नबीच्या घरी भाजी झाली ती अशाच एका भोपळ्याची. त्याची बायको अजरा सांगत होती, सालीवरच्या कासवाला सात पाय होते.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा सोमेश्वर सरळ देविदासच्या घरी गेला. मी सोबत होतो. का होतो ते विचारू नका, अशा ठिकाणी मी असतोच.

"देविदासभाऊ, तीन महिने झाले. हात पुरा करता का दुसरीकडं जाऊ?"

जमनाबाई ओट्यावर तांदूळ चाचपत होती. तिनं मान वर केली. "कोणाचं अर्धं राह्यलं?"

देविदास काही बोलायच्या आत ती म्हणाली, "इकडं ये रे लेकरा." सोमेश्वर वाकला. तिनं खांद्यापासून बोटं फिरवली, कोपरापाशी थांबली, पुढची कोरी कातडी मनगटापर्यंत चाचपली.

"किती रोज झाले?"

"तीन महिने, आजी."

"देविदास, तू तीन महिने जेवला?"

 देविदासनं सगळं सांगितलं. बारा वर्षांचं, हाताचं, भोपळ्यांचं. सांगताना हात मागे धरला होता, तरी सदरा हलत होता.

जमनाबाई त्या संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सून रडली, मी जाऊन बसलो, माझ्या हातचा चहासुद्धा तिनं नाकारला. "त्याचं त्यानं खाल्लं, आता नेम माझा मी ठेवते," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या सकाळी देविदास स्वतः सोमेश्वरला घेऊन आला. उन्हात चटई टाकली. मशीन लावलं, आपलं उजवं मनगट डाव्या हातानं दाबून धरलं, आणि सुई कातडीच्या वर वीतभर अंतरावर थरथरत राहिली. खाली आणायची त्याची छाती होईना. घाम सोमेश्वरच्या हातावर पडत होता. 

"ठेव ते," जमनाबाई म्हणाली. "सुया दे."

त्यानं नव्या सुया पाकिटातून काढून दोऱ्यानं बांधल्या. गाठ त्याला मारता येईना, ती मी मारली. म्हातारीनं डाव्या हाताच्या बोटांनी देविदासच्या जुन्या रेघा शोधल्या आणि त्या जिथं संपत होत्या तिथून ठिपके टाकत निघाली. शार्कचे दात कोरणं तिला येत नव्हतं. तिला जे येत होतं ते आलं : तुळस, विंचू, ठिपक्यांच्या ओळी. तोंडानं जुनी सवय चालू होती. "मामाचं गाव कोणतं? बहिणी किती?" सोमेश्वर शाळेतल्यासारखी उत्तरं देत होता.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ती थांबली. "एक राह्यला. कोपराखाली, ओळीत. सुरू तू केलंस, तूच टाक."

"आई, न्हाई व्हणार."

"एकच हाय."

त्यानं सुया घेतल्या, डोळे मिटले की काय कोण जाणे, आणि टोचलं. ठिपका ओळीच्या बोटभर बाहेर पडला. जमनाबाईनं बोटानं जागा चाचपली. तिला कळलं असणारच. ती म्हणाली, "भाकर आण."

मायलेक दोघं जेवले. तिनं कुस्करून त्याच्या तोंडात घातली, कारण घास तोंडापर्यंत जाईना.

सोमेश्वरचं लग्न झालं. हळदीत हात उघडा टाकून फिरत होता. वर समुद्र, खाली तुळस. मंडळी चेष्टा करत होती, आणि मीच पुढे होतो. कुणी विचारलं, हा एक ठिपका ओळ सोडून कुठं निघाला? सोमेश्वर म्हणाला, "तो देविदासभाऊचा हाय. त्याला हात लावू नका."

शटर त्यानंतर उघडलं नाही. पाटी तेवढी आहे. देविदास सकाळी गुलाम नबीच्या दुकानापुढं बसतो, हात मांड्यांखाली दाबून. मी चहा सांगतो, तीन बशा. मीही आता बशी खाली ठेवून वाकूनच पितो. गुलाम नबी विचारतो, तुमाला काय झालं? मी म्हणतो, कंबर.