पाठवणाऱ्याचा पत्ता

माझ्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी एका रबरी शिक्क्यानं मोडलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुलगावला नोकरी लागली आणि देवरावजींच्या घरी मी खोली घेतली. खोली कोंदट, पण देवरावजींची लेक कुसुम रोज सकाळी माझ्याच दारापुढं रांगोळी काढायची, त्यामुळे मला ती हवेशीर वाटे! (हे मी कोणालाच बोललो नव्हतो. कुसुमलाही नाही.)

पहिल्या पगारात हौसेनं शिक्का करून घेतला. वर माझं नाव, खाली ‘द्वारा देवरावजी’, पुलगावचा पत्ता. मग काय, दिसेल त्यावर ठप्पा! आंजीला घरी गेलो तेव्हा बाबांची सगळी कोरी आंतर्देशीय पत्रं घेतली आणि प्रत्येकाच्या मागं, पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी, ठोकत सुटलो. बाबा कौतुकानं बघत होते.

त्यातलंच एक बाबांनी सेलूला मुलाकडच्यांना धाडलं : ‘येत्या रविवारी मुलगी पाहायला आमच्या घरी यावे. पत्ता मागे आहेच.’

रविवारी आमची सुशीला सकाळी आठपासून नवं लुगडं नेसून बसलेली. दोन वाजले. पोह्यांचा पार भुगा झाला. पाहुण्यांचा पत्ता नाही!

“बाबा, पत्रात पत्ता कोनता लिवला?”

“मी कायले लिवू? तूच तर शिक्का मारून देल्ला!”

“अहो, तो माह्या खोलीचा व्हय!”

“मंग माह्या कागदावर काऊन मारला बे?”

“तुमी वाचला नाई?”

“छापलेलं कोनी वाचते काय?”

सुशीला रडायलाच लागली. मी तसाच मोटारीनं वर्धा, तिथून गाडीनं पुलगाव गाठलं. देवरावजी दारातच पेढा घेऊन उभे!

“सेलूचे पाव्हणे येऊन गेले! म्हने, मुलगी दाखवा. माह्या घरी मुलगी हाय, म्या दाखवली!”

“अन् नाव नाई इचारलं?”

“इचारलं ना, पोहे झाल्यावर! तवा घोटाळा समजला. म्या म्हनलं, तुमाले आंजीले जा लागते. पन पोरगा उठाले तयारच नाई. म्हने, हेच पायजे! घ्या, पेढा घ्या. तुमच्याच शिक्क्यानं जमलं.”

मी पेढा तसाच खिशात टाकला. सुशीलाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “दादा, तो शिक्का आता सोताच्या कपायावर मार.” (पुढच्या वर्षी तिचं छान जमलं. त्या पत्रावर बाबांनी पत्ता स्वतःच्या हातानं, तोही दोनदा लिहिला!)

इकडे कुसुमच्या लग्नपत्रिका छापून आल्या. देवरावजी पाकिटांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत हजर. “तुमचा शिक्का हायच. मारून द्या ना जरा, पत्ता तर आमचाच हाय! फक्त तुमचं नाव तेवढं नको.”

मी ब्लेड घेतलं, शिक्क्यावरची पहिली ओळ ‘द्वारा’सकट स्वतःच्या हातानं कापली आणि दोनशे पाकिटांवर ठप्पे मारले. या खेपेला पत्ता अगदी बरोबर होता.