डबीतली रिकामी खाच

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या परदेशी राजा-राण्यांची सोन्याची नाणी जमवायचा नाद आहे. रिसोडला आडत होती तेव्हापासूनचा. लाकडी डबीत मखमलीला गोल खाचा पाडून नाणी बसवली आहेत. इंग्लंडच्या राणीची गिन्नी, ऑस्ट्रियाचा गालमिशीवाला बादशहा, आणखी कोणकोण. त्यावरची अक्षरं मला वाचता येत नाहीत. मी चेहऱ्यांवरून ओळखते.

गेल्या वर्षी फ्रान्सच्या बादशहाचं नाणं मिळालं. टोकदार दाढीचा. एक खाच त्याच्यासाठीच रिकामी ठेवलेली होती. पण त्याच दिवशी मामाजी डोळ्याच्या ऑपरेशनला वाशीमला निघाले होते. डबी कपाटात बंद, जीप दारात उभी. त्यांनी नाणं माझ्या हातावर ठेवलं.

"हे तुयापाशी राहू दे."

मी त्यांच्यासमोर बोलत नाही. मान हलवली. तेव्हाच विचारायला हवं होतं. माझ्या माहेरी, आसेगावला, थोरल्यांनी सुनेच्या हातावर ठेवलेलं सोनं तिनं अंगावर घालायचं असतं. पेटीत टाकलं तर नको म्हटल्यासारखं होतं. मी सोनाराकडून नाण्याला टाका मारून कडी लावून घेतली आणि ते पोतीत, काळ्या मण्यांत ओवलं.

मामाजी परत आले. मी पाया पडायला वाकले तर नाणं पुढे लोंबलं. त्यांनी काळा चष्मा वर करून पाहिलं. "शोभते," म्हणाले. मी दिवसभर खूश.

मग कारंज्याचे त्यांचे दोस्त आले. तेही नाणी जमवतात. मी चहा घेऊन दारापर्यंत आले होते.

"शेठ, ही खाच अजून रिकामी काहून?"

"ते नाणं सुनेच्या पोतीत हाय."

"टाका मारला? मंग गेलं. आता जमवणारा त्याले हात नाही लावत. एवढा मोठा बादशहा अन् काळ्या मण्यात लटकून राह्यला."

मामाजी हसले नाहीत. "घरातच हाय ना. चहा घ्या."

मी सोनाराला विचारून आले. तो म्हणाला, कडी निघेल, पण टाक्याची खूण राहीलच.

काल मामाजी अंगणात होते. मी नाणं पोतीतून सोडवून त्याच्या खाचेत ठेवलं. कडीमुळे ते नीट बसेना, झाकण लागेना. डबी तशीच ठेवून चुलीपाशी आले.

थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली. नाणं त्यांच्या तळहातावर होतं.

"पोत सुनी दिसून राह्यली. ओवून घे."

"मामाजी," एवढं म्हणाले मी. नाणं घेतलं.

मी उंबऱ्याशी बसून मणी सारखे करू लागले. आत डबीचं झाकण लागल्याचा आवाज आला.