बिलाशिवाय आणलेलं पाकीट

वकिलीतली पहिली काही वर्षं पोटाला चिमटा काढून काढायची असतात, असं मला कॉलेजात इतक्या जणांनी ऐकवलं होतं, की अंधेरीच्या एका ऑफिसने सहा महिने शिकवायचं आणि वर दरमहा पैसेही द्यायचं कबूल केलं तेव्हा मी ते पत्र तीनदा वाचलं. मला वाटलं, पैसे मीच त्यांना द्यायचे असणार. बाबांनी चष्मा लावून चौथ्यांदा वाचलं आणि मालाडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जो भेटेल त्याला सांगत सुटले, की पोरगी शिकते आणि शिकण्याचा पगार घेते. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे जरा संशयानेच बघायला लागले.

ऑफिस बौद्धिक संपदेचं. म्हणजे कोणाचं नाव, कोणाचं चित्र, कोणी शोधलेली युक्ती दुसऱ्याने उचलू नये म्हणून भांडायचं. आईला हे समजावून सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, चोऱ्याच की मग, त्यात एवढं इंग्रजी कशाला. मला मात्र त्या कामाने झपाटलं. पहिल्या महिन्यात मी आमच्या घरातल्या प्रत्येक बाटलीची, डब्याची आणि नळीची झडती घेतली. स्टेशनबाहेर ‘ओरिजिनल’ अशी पाटी लावलेल्या तीन वडापावच्या गाड्या होत्या, त्यांच्यासमोर उभी राहून पहिला दावा कोणाचा लागेल याचा मी गंभीरपणे विचार केला आणि तिन्हीकडे खाऊन पुरावा गोळा केला. दर सोमवारी ट्रेडमार्कचं सरकारी जर्नल निघतं. देशभरात कोणी कुठलं नाव मागितलंय याची ती लांबलचक यादी. कंटाळवाणं काम म्हणून ते शिकाऊ लोकांवर ढकललेलं असायचं. मी ते चहा घेऊन, पाय हलवत, मधूनच हसत वाचायचे.

शिकाऊ आम्ही दोघी होतो, मी आणि घाटकोपरची एक मुलगी. तिचं टेबल लख्ख आणि तोंड बंद. माझं दोन्ही उलट. डबा आम्ही एकत्र खायचो, पण दोघींनाही ठाऊक होतं की सहा महिन्यांनी एकीलाच ठेवणार. मला ती नोकरी इतकी हवी होती की मी मेट्रोत उभ्या उभ्या मनातल्या मनात माझ्या नावापुढे ‘असोसिएट’ लावून बघायचे.

पाचव्या महिन्यात आमच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम पार्ल्याच्या, कोर्टात आवाज न चढवता समोरच्याला घाम फोडणाऱ्या. आमचा एक अशील मोठा मसालेवाला. त्याच्या पाकिटावर लाल रंगात हंडी घेतलेली बाई, पिवळी चौकट. तीच बाई, तीच हंडी, तीच चौकट मालाडमधल्या एका छोट्या दुकानाच्या मालवणी मसाल्यावर दिसली होती. मी तिथली राहणारी, मराठी बोलणारी, म्हणून गिऱ्हाईक बनून मी जायचं. एक बंद पाकीट घ्यायचं, दुकानाच्या नावाचं तारखेसकट बिल घ्यायचं, यायचं. मॅडमनी पेन खाली ठेवून शेवटचं बजावलं, गप्पा मारायच्या नाहीत. मी हो म्हटलं. हेर म्हणून माझी नेमणूक झाली होती, मी हवेतच होते.

दुकान बाजाराच्या आतल्या गल्लीत होतं. कोकम, कुळीथ, सुकी मासळी, आणि काउंटरवर ओळीने लावलेल्या त्या हंडीवाल्या बाया. गल्ल्यावर एक काका. मी एक पाकीट मागितलं आणि त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, “तू खंयची गो?”

आता हा प्रश्न आमच्या कोकणात कोणी विचारला की त्याला उत्तर देतात. न देणं जमतच नाही, शिंक आल्यासारखं ते येतं. मी गावाचं नाव सांगितलं. काकांनी पाकीट खाली ठेवलं. खाडीच्या पलीकडचा गाव त्यांचा. मग कोणाच्या घरातली, देवळाच्या अलीकडची की पलीकडची, आजोबा कुठल्या गिरणीत होते, हे सगळं झालं. त्यांची थोरली बहीण आमच्या वाडीत दिलेली निघाली. तोवर मागच्या दारातून काकी आल्या. मी पैसे पुढे केले तर त्या नवऱ्यावरच उखडल्या.

“आपल्याकडचां चेडू ह्यां. हेच्याकडसून पैशे कसले घेतंस?”

मी खूप झगडले. निदान बिल तरी द्या म्हणाले. काकांचा चेहरा पडला. जे विकलंच नाही त्याचं बिल कसलं, की परत आणून द्यायचा विचार आहे, असं त्यांनी विचारलं, आणि मला ओशाळल्यासारखं झालं. काकींनी जेवून जा म्हणून हात धरला, मी घाई आहे असं खोटं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि पिशवीत चार पाकिटं, आमसुलं आणि एक नारळ घातला. तशीच मी अंधेरीला आले.

मॅडमनी टेबलावरचा नारळ पाहिला, मग माझं कपाळ पाहिलं. “हा पुरावा नाही,” त्या म्हणाल्या, “हा पाहुणचार आहे.” बाहेर सगळं ऑफिस हसून लोळलं आणि मीही हसले, कारण होतंच तसं. नक्कल विकतो म्हणून ज्याच्यावर खटला भरायचा, त्याने मला ती विकायलाच नकार दिला होता. दुसऱ्या दिवशी घाटकोपरची मुलगी गेली आणि पाऊण तासात पाकीट आणि बिल घेऊन आली. तिला कोणी खंयची विचारलं नव्हतं. तिने बिल फाइलला टाचलं तेव्हा माझं हसू आटलं. असोसिएट कोण होणार ते आता जवळजवळ ठरलंच होतं.

पुढची तयारी कोर्टाची होती. दुकानदाराला न कळवता आदेश मिळवायचा आणि कोर्टाच्या माणसाने जाऊन सगळा माल सील करायचा. मला ती गल्ली दिसायला लागली, काउंटरवरून खाली उतरवलेली पाकिटं, आणि बाजूला उभ्या काकी. मी मॅडमच्या केबिनमध्ये शिरले आणि न विचारता बोलले. त्या माणसाने बाई चोरलेली नाही, मी म्हटलं. असे दुकानदार छापखान्यात जातात, एखादं पाकीट दाखवून असंच करून द्या म्हणतात आणि छापखानेवाला खरंच तसंच करून देतो. आधी नोटीस पाठवू या. आणि ती मराठीत पाठवू या, कारण इंग्रजी नोटीस ते बँकेचा कागद समजून तांदळाच्या डब्याखाली ठेवतील.

मॅडमनी समोरची फाइल मिटली. “आठ दिवस,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यात त्याची लेखी हमी आली तर ठीक. नाहीतर कोर्ट, आणि तुझ्याबद्दलही मला मग वेगळा विचार करावा लागेल.”

ती नोटीस मी सात वेळा लिहिली. पहिल्या खर्ड्यात ‘तदनुषंगाने’ होतं. तो आईला वाचून दाखवला तर तिने विचारलं, कोण वारलं का. सातव्या खर्ड्यात साधं लिहिलं, की हे चित्र दुसऱ्याचं आहे, त्याची सरकारदरबारी नोंद आहे, छापलेली पाकिटं वापरणं थांबवा, नवं चित्र करा, तसं लिहून द्या, म्हणजे भांडण इथेच मिटेल. खाली सही मॅडमची. मजकूर माझा आहे हे मला इतकं मिरवावंसं वाटत होतं की मी टपालाची पावती पर्समध्ये घालून दोन दिवस फिरले.

सहाव्या दिवशी रिसेप्शनवरून फोन आला की एक जोडपं आलंय, वकील बरोबर नाही. काका इस्त्रीच्या शर्टात, काकी बाहेर जायच्या साडीत. मी मीटिंगच्या खोलीत हमीचा कागद घेऊन गेले आणि दोघांनी मला ओळखलं. मॅडमनी त्यांना शांतपणे सगळं समजावलं. काकांनी छापखान्याचंच नाव घेतलं, त्यालाच पाकीट दाखवलं होतं म्हणाले. मग पेन हातात घेतलं. तेव्हा काकी माझ्याकडे वळल्या.

“त्या दिवशी तू हेच्यासाठीच इल्लंस?”

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हणणं सोपं होतं. योगायोग होता, घरी मसाला हवा होता, काहीही चाललं असतं. हो म्हटलं तर ती दोघं उठून जातील, सही जाईल आणि नोकरीही जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण कपाळाला कुंकू लावणाऱ्या बाईशी मला दुसऱ्यांदा खोटं बोलवेना.

“होय, काकी,” मी म्हटलं. “नोटीसपण मीच लिहिली.”

काकांचं पेन थांबलं. काकींनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

“गाव तरी खरो सांगितलंस मां?”

“गाव खरा.”

“मगे झाला,” त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या कोपराला हात लावला. काकांनी सही केली.

ती दोघं गेल्यावर मॅडमनी हमीचा कागद फाइलला लावला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून मराठी नोटिसा तूच बघ, पत्र संध्याकाळी मिळेल. मी असोसिएट झाले होते. मी थँक्यू म्हटलं, नीट दार लावून बाहेर आले, आणि जिन्यात बसून, इतके दिवस हसत आलेली मी, रडले.