आमच्या घरात विटाळ नव्हता

आमच्या घरात विटाळ पाळत नसत, आणि या गोष्टीचा आम्हाला भारी तोरा होता. शिरूर कासारात आमचं किराणा दुकान, मागे घर. गल्लीतल्या बाकीच्या बाया महिन्यातून चार दिवस बाजूला बसत. आम्ही लिंगायत; गळ्यात इष्टलिंग असलेल्या बाईला विटाळ कसला, असं म्हणत माझी काकू रोजच्यासारखी पूजा करायची, भाकरी थापायची. मी मैत्रिणींपुढे हे सांगून मिरवायची. पण शेजारची एखादी आठवडाभर बाजूला बसली असती, तर गल्लीभर विचारपूस झाली असती. आमच्या काकूची पाळी अर्धा अर्धा महिना चालायची आणि घरात कुणाला पत्ता नसायचा.

काकूला मूल नव्हतं. त्यासाठी तिनं सोमवार धरले, मग प्रदोष, मग आणखी कुठले कुठले उपास. उरलेल्या दिवशी चहा आणि मिश्री. दुकानात तेव्हा शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकू लागल्या होत्या, नवी नवी बिस्किटं येत होती. काका माझ्यासाठी पुडे फोडायचे. काकूला दिलं की तिचा नेमका उपास निघायचा. माझी वेणी घालता घालता ती मधेच भिंतीला टेकायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, ऊन लागलं. आमच्याकडे उन्हाला काही तोटा नाही, त्यामुळे ते सगळ्यांना पटायचं. माझा फार जीव होता तिच्यावर, तरी मलाही पटायचं.

कपिलधारला दर्शनाला गेलो, तेव्हा ती पायरीवर बसली ती उठेचना. काकांनी जीप केली आणि आम्ही तिला बीडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथं नुकतंच सोनोग्राफीचं मशीन आलं होतं. पाळी किती दिवस जाते, असं बाईंनी विचारल्यावर काकाच ऐटीत म्हणाले, आमच्यात तसलं काही पाळत नाहीत. बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट बघितलं आणि तोच प्रश्न काकूला विचारला. तिचं उत्तर ऐकून दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारे माझे काका उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

पिशवीत गाठी होत्या. कॅन्सरच्या नव्हत्या, पण मोठ्या होत्या, आणि रक्त जिवावर बेतेल इतकं कमी झालं होतं. गाठी उपासांमुळे झाल्या नाहीत, हे बाईंनी मुद्दाम सांगितलं. पण इतकं रक्त जात असताना ते भरून काढायला पोटात काही पडतच नव्हतं. आता आधी रक्त चढवायचं आणि मग पिशवी काढायची.

रक्ताला काकू तयार झाली, पिशवी काढायला नाही. पिशवी गेली की आशाच संपली, एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मी शपथा घातल्या, रडले, चिडले. तरी ती ऐकेना.

काका इतका वेळ बाहेर बाकावर बसले होते. ते आत आले आणि माझ्यादेखत बोलले. आमच्या घरात नवराबायको कुणादेखत असं काही बोलत नसत.

"मला लेकरू नको. तू पायजेस."

काकू सावकाश त्यांच्याकडे वळली.

"आवो, ह्ये आदी कावून न्हाई सांगितलं? मग मी येवढे उपास कुणासाठी केले?"